पाच जणांत एक टॅब

सकाळी 6

डिसेंबरात पांढुर्ण्याची पहाट बोचरी असते. मोबाईलचं नेट मात्र याच वेळी दिवसभरातलं सगळ्यात चांगलं चालतं, म्हणून शाळेसाठी जे उतरवून घ्यायचं ते मी चहाच्या आधीच उतरवून घेते. माझी शाळा सौसरच्या बाजूला, आतल्या एका गावात. मिडल शाळा, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशात सहावी ते आठवी. तिथं व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात रेंज येते आणि वर्गात पाऊल टाकलं की जाते. म्हणून वर्गात लागणारं सगळं मेमरी कार्डात भरून न्यावं लागतं.

आज फुलापासून फळ कसं होतं यावरचा एक व्हिडिओ घेतला. धड्याजवळ छापलेला चौकोनी क्यूआर कोड फोननं टिपला की तो ‘दीक्षा’ पोर्टलवर उघडतो. केंद्र सरकारनं दीक्षा 2017 साली सुरू केलं. पुस्तकाला कोड जोडायची कल्पना त्याच्याही आधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबवली होती. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ शिक्षकांनी त्यातला कोडच तेवढा लक्षात ठेवला. मला त्यांच्या दोन गोष्टी कोडापेक्षा मोठ्या वाटतात. आपल्या वर्गातली मुलं त्यांनी इंटरनेटवरून दुसऱ्या देशांतल्या मुलांशी बोलती केली. आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. शिकणं आणि शिकवणं एकट्यानं होत नाही, हे ज्याला मनापासून पटलेलं असतं तोच असं करू शकतो.

व्हिडिओ लांबलचक आहे. मी तो कापून चार मिनिटांचा करते. निवेदक ‘असं का होतं?’ असं विचारून उत्तर द्यायला लागतो, तिथंच माझी कात्री चालते. पुढचं उत्तर मुलांनी शोधायचं, आणि शोधून झाल्यावर उरलेला भाग पाहायचा. या एका छोट्या कामानं वर्गाचं रूप किती बदलतं, हे ज्यांनी करून पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही.

सव्वानऊ

घरचं आटोपून स्कूटी काढते. संत्र्याचा हंगाम भरात आहे. मंडीकडं जाणाऱ्या गाड्यांवर कॅरेटची चळत रचलेली, रस्त्याच्या कडेला छाटणी चाललेली, सडक्या फळांचा आंबूस वास. आंब्या बहाराची तोड आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येते, त्यामुळं नोव्हेंबर-डिसेंबरात वर्गातले बाक रिकामे होतात. पोरं शेतात असतात. गरज असते म्हणून असतात. त्यासाठी आईबापांना बोल लावायचा मला अधिकार नाही.

जामच्या पुलावरून जाताना दर वेळी वाटतं, या नदीला बाहेरचे लोक फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओळखतात. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांमध्ये गोटमारीची दगडफेक होते, वर्तमानपत्रांत फोटो येतो, आणि मग वर्षभर आमच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तेव्हा थोडे दिवस नाव झालं. या पट्ट्यात संत्रा पिकतो, घराघरांत मराठी बोलली जाते आणि शाळा हिंदीतून चालते, हे मात्र नागपूरच्याही कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

गावाच्या अलीकडं कापसात एक बाई दिसली. सहावीतल्या एका मुलीची आई. मुलगी शेजारीच ओटी बांधून उभी. मी गाडी थांबवली.

“तायी, आज हिला पाठवाच. गटाची वही हिच्याजवळ आहे. हिच्याबिगर चौघं बसून राहतील.”

आई काही बोलली नाही. मुलीनं मात्र ओटी सोडली. “माय, मी जातो. सुटीनंतर येतो वेचाले.”

शाळेत येणं सक्तीचं आहे, उपस्थितीवर गुण आहेत, असं सांगून हे झालं नसतं. चार जण आपल्यावाचून अडतील हे तिला कळलं आणि ती निघाली. गटात प्रत्येकाकडं दुसऱ्याला लागणारं काहीतरी ठेवायचं, हा माझा नियम आहे. एकाकडं वही, एकाकडं मोजपट्टी, एकाकडं झाडांचा नकाशा.

साडेदहा

प्रार्थना. ॲपवरची हजेरी व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं राहून होते. मग प्रश्नपेटी उघडतो. बुटाच्या खोक्याला फट पाडून केलेली ही पेटी आहे. तिच्यात कोणीही, कोणत्याही भाषेत, नाव न लिहिता प्रश्न टाकावा. आज निघालेले तीन: संत्र्याच्या फोडी बहुतेक दहाच का असतात? मोबाईलला ताप येतो का? आणि, मुलींनी बगीचात गेलं तर झाड वाळतं असं आजी म्हणते, खरं आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर मी लगेच काही बोलत नाही. असे प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. उत्तर मुलींनीच बगीचात जाऊन, मोजून द्यायचं आहे, आणि त्या देतील.

ही पेटी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आमच्याच रेल्वेमार्गावर, इटारसीच्या पुढं, होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा शाळांमधून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, पुढं 1982 साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो वाढवला. चार-चार मुलांच्या टोळ्या, हातात साहित्य, ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तकं, ज्यांत उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. मुलांना पडलेले प्रश्न ते ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रानं पाठवायचे आणि सवालीराम उत्तर द्यायचा. पन्नास पैशांच्या आत होणारं तंत्रज्ञान, पण त्यात मूल मध्यभागी होतं. 2002 साली तो कार्यक्रम सरकारनं बंद केला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाल-केंद्रित शिक्षण म्हणजे परदेशातून आलेलं खूळ असं कोणी म्हटलं की मी होशंगाबादचं नाव घेते. आपल्याच राज्यात, साध्या सरकारी शाळांत, तीस वर्षं हे चाललं होतं.

अकरा

सहावीचा वर्ग. वीस-बावीस मुलं आणि चार टॅब: एक माझा, बाकीचे गावातल्या नोकरीवर गेलेल्या पोरांनी दिलेले जुने. पाच जणांत एक. लोक हळहळतात, प्रत्येकाला एक असता तर किती बरं झालं असतं म्हणतात. मी प्रत्येकाला एक मागत नाही, आणि उद्या कोणी दिलेच तरी वर्गात गटाला एकच काढीन.

कारण मी पाहिलं आहे. हातात स्वतंत्र पडदा आला की मूल त्यात बुडतं आणि शेजारच्याशी बोलणं संपतं. आणि पाच जणांत एक दिला, पण नियम काहीच ठेवला नाही, तर गटातला सगळ्यात धिटाईचा पोट्टा तो ओढून घेतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. म्हणून नियम एकच, पण कडक. ज्याच्या हातात टॅब, त्यानं ठरवायचं नाही. काय उघडायचं, कुठं थांबवायचं, काय लिहायचं, हे शेजारच्यानं सांगायचं. टॅबवाल्यानं फक्त बोट चालवायचं. तिसरा लिहितो. चौथा शंका काढतो, त्याचं कामच ‘काऊन?’ विचारणं. पाचवा शेवटी उठून सांगतो. रोज कामं बदलतात. ज्यांच्या घरी फोन आहे ती मुलं पहिले काही दिवस फार तळमळतात, कारण आपल्याला येतं ते दुसऱ्याला शब्दांत सांगावं लागतं. पण सांगता सांगताच ते त्यांना नीट कळतं.

सुगत मित्रा यांनी 1999 साली दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतल्या मुलांनी तो घोळक्यानं, एकमेकांना दाखवत आपला आपण शिकून घेतला. पुढं 2013 च्या टेड पारितोषिकानंतर त्यांनी जी शिक्षणकेंद्रं उभारली, त्यांतलं एक महाराष्ट्रात फलटणला, कमला निंबकर बालभवनात होतं. तिथंही मुलं गटानंच एका पडद्याभोवती बसायची. शिक्षकाची गरज फारशी उरत नाही, असा जो अर्थ या प्रयोगांतून काढला जातो तो मला पटत नाही. माझ्या वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीला बोलायची पाळी मिळावी यासाठी कोणीतरी मोठं माणूस तिथं असावंच लागतं. पण घोळका आणि एक पडदा ही त्यांची जोडी मी डोळे मिटून घेतली.

चार मिनिटांचा व्हिडिओ झाला. प्रश्न उरला: फूल गळतं, मग बारीक फळ गळतं, मग भरलेलं फळही गळतं, झाड एवढं सगळं कशाला टाकतं? गट भांडू लागले. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

बारा

उन्ह चढल्यावर बगीचात. शाळेला लागून असलेल्या बगीचाच्या मालकानं सप्टेंबरपासून आम्हाला आठ झाडं मोजायला दिली आहेत. बगीचा त्यानं उक्ता विकला आहे, तोड याच आठवड्यात, त्यामुळं आजची मोजणी शेवटची.

फळगळ ही इथली घराघरातली चिंता. संत्रा झाडावर भरलेला दिसतो आणि पाऊस संपता संपता खाली सडा पडतो. मुलं हे जन्मापासून पाहत आली आहेत, पण त्यांनी ते कधी मोजलं नव्हतं. काम असं: दर आठवड्याला झाडाखालची फळं गोळा करायची, टॅबवर एकेकाचा जवळून फोटो काढायचा आणि तीन ढीग करायचे. टाचणीएवढं भोक, भोवती तपकिरी वलय आणि दाबलं की रस बाहेर, हा पहिला ढीग. हा रस शोषणाऱ्या पतंगाचा उद्योग, तो रात्री येतो. देठाकडून काळं पडत आलेलं, हा दुसरा, ही बुरशी. वरून काहीच खूण नाही, तरी गळलेलं, हा तिसरा. पाण्याचा नाहीतर अन्नद्रव्याचा ताण. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही फळगळीची कारणं कीड, रोग आणि झाडाचा स्वतःचा ताण अशी तीनच गटांत मांडतात. पण ते मी मुलांना ढीग झाल्यावर सांगितलं, आधी नाही.

सुरुवातीला प्रत्येक घराचं मत तयार होतं. “आमचा बाबा म्हंते, पानी जास्त झालं का फयं गयतेत.” “नाई, आमच्या घरी सांगते, पाखराचं काम आहे थे.” पाखरू म्हणजे तो पतंगच. दोघांचेही बाप बगीचावाले, दोघंही अनुभवी. अशा वेळी मी पुस्तक काढून निवाडा दिला असता तर दोन्ही पोरांना आपापल्या घराची लाज वाटली असती. मोजणीनं वेगळंच दाखवलं. पतंगाची फळं जवळपास सगळी कुंपणाकडच्या तीन झाडांखाली. आतल्या झाडांखाली देठ काळे पडलेली जास्त, आणि तिथं बुंध्याला लागून पाणी साचत होतं. म्हणजे दोन्ही बाप बरोबर, आपापल्या झाडापुरते.

कुंपणाकडंच पतंग का, हे शोधून काढणारा मुलगा वर्गात कधी हात वर करत नाही. त्याच्या घरी पवारी बोलतात. शाळेत हिंदी, गल्लीत मराठी, अशा तीन भाषांच्या मध्ये तो अडकतो. एके दिवशी तो मला ओढत कुंपणापाशी घेऊन गेला. तिथल्या निंबावर गुळवेल चढलेली, पानं खाल्लेली. त्यानं टॅबवर फोटो काढला: पानाच्या खाली जाडसर अळी. या पतंगाची अळी संत्र्यावर जगत नाही, गुळवेल आणि वासनवेलीसारख्या वेलींवर वाढते. पतंग झाला की मग तो फळाकडं येतो. हे शास्त्र मला ठाऊक होतं. त्या मुलाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं ते शोधलं. मालकानं वेल काढून टाकली, शिवाय आळी दुहेरी करून बुंध्यापासून पाणी दूर नेलं. पुढच्या बहाराला काय होतं ते आता सातवीत गेल्यावर हीच मुलं मोजतील.

आणि हो, या सगळ्या मोजणीत मुली पहिल्या दिवसापासून आहेत. आठही झाडं हिरवीगार उभी आहेत. प्रश्नपेटीतल्या तिसऱ्या चिठ्ठीखाली एका मुलीनं आज आपण होऊन तेवढंच लिहिलं आणि सही केली.

दीड

जेवण. बचत गटाच्या बायांनी केलेला भात, वरण, वांग्याची भाजी. कापसातून आलेली मुलगी दोनदा वाढून घेते. जेवता जेवता तिची वही तिघांनी तपासली.

सव्वादोन

आजची मोठी गोष्ट. व्हरांड्याच्या रेंजवाल्या कोपऱ्यात चटई, खुर्चीवर टॅब, आणि पलीकडं वरूड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची सहावी. तिथल्या शिक्षिकेशी माझी ओळख एका प्रशिक्षणात झाली. अमरावती जिल्ह्यातला तो भाग आणि आमचा भाग, संत्र्याच्या दृष्टीनं एकच मुलूख. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. माझे आजोबा मराठीतून चौथी शिकले, माझे वडील हिंदीतून. झाडं, माती, पाऊस, रोग मात्र दोन्हीकडं तेच राहिले. मग फळगळ दोन्ही शाळांनी मिळून मोजावी असं आम्ही दोघींनी पावसाळ्यात ठरवलं.

तक्ते समोरासमोर धरले आणि पाचच मिनिटांत वाद पेटला. आमचे आकडे नगात, त्यांचे घमेल्यात. त्यांनी दर आठवड्याला किती घमेली भरली ते लिहिलेलं. आमच्या एका पोट्ट्यानं पडद्याकडं बोट दाखवलं: “तुमचं घमेलं केवढं आहे?” तिकडून एकानं घमेलं आणून कॅमेऱ्यासमोर धरलं. “हे एवढं.” “भरलं का किती फयं राहते त्याच्यात?” तिकडं शांतता. मग दोन मुली पळत गेल्या, भरून आणलं, मोजलं. एवढ्यानं मिटलं असतं, पण आमच्या ‘काऊन’वाल्या मुलीनं विचारलं, “सप्टेंबरात तं फय लहान राहते. तवा जास्त मावले असतील ना?”

दोन्ही बाजूंनी एकदम गलका. तिकडच्या मुलांना कळलं की त्यांच्या तक्त्यात सप्टेंबरची गळ कमी दिसते ती खरी नाही. घमेली कमी असली तरी फळं जास्त होती. त्यांच्या शिक्षिकेनं मध्ये बोलायला तोंड उघडलं, आणि मी पाहिलं, तिनं ते मिटून घेतलं. मला तिचा फार आदर वाटला. पोरांनीच तोडगा काढला. त्यांच्याकडं दर आठवड्याचे फोटो होते. फोटोंत घमेल्याशेजारी ठेवलेला पेन दिसत होता. पेनाच्या लांबीवरून फळाचा अंदाजे व्यास, व्यासावरून घमेल्यात मावणारी संख्या. हे गणित पुस्तकात नाही. गुणोत्तर नावाच्या धड्यात त्याच्या जवळपास काहीतरी आहे, तो धडा आम्ही पुढच्या महिन्यात घेणार होतो. आता तो उद्यापासूनच घ्यावा लागेल, कारण मुलांना लागतो आहे.

दुसऱ्याच्या मोजमापावर शंका घ्यायची, ती नीट शब्दांत विचारायची, आणि मग दोघांनी मिळून एक माप ठरवायचं: एकत्र शिकणं म्हणजे माझ्या मते हे. नुसतं नमस्कार-चमत्कार, गाणं म्हणून दाखवणं, एकमेकांच्या शाळेला हात हलवणं, असे व्हिडिओ कॉल पुष्कळ होतात आणि फोटोही छान येतात. त्यांतून काही वाईट होत नाही. पण मुलाच्या हातात स्वतःचा तक्ता नसेल तर त्याला पलीकडच्याला विचारायला काही नसतं.

आणखी एक पाहिलं. वर्गात हिंदीत एका वाक्यात उत्तर देणारी आमची मुलं या कॉलवर सलग बोलत होती. समोरच्यांना मराठीच समजते, म्हणून मराठीत बोलायला त्यांना कोणी अडवत नव्हतं. पवारी बोलणाऱ्या त्या मुलानं गुळवेलीची गोष्ट सांगितली, अर्धी आपल्या बोलीत, अर्धी मराठीत. तिकडच्यांना सगळी कळली.

सव्वातीन

आठवीचा तास. इथं काम वेगळं. वर्षाच्या शेवटी बोर्ड पॅटर्नची परीक्षा, पेपर हिंदीत. म्हणून गटानं हिंदी व्हिडिओ पाहायचा, मग एकानं तो आपल्या घरच्या बोलीत दोन मिनिटांत बाकीच्यांना समजावून सांगायचा आणि ते बोलणं टॅबवर रेकॉर्ड करायचं. गटानं ऐकायचं, चुका पकडायच्या, पुन्हा रेकॉर्ड करायचं. शेवटी वहीत हिंदीत लिहायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. आमची मुलं आठवीत आहेत, तरी हा टप्पा त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही, मग तो आम्ही रोजच्या पंधरा मिनिटांत मागून देतो. बोलून झाल्यावर लिहिलेलं हिंदी आणि न बोलता लिहिलेलं हिंदी यांतला फरक वही उघडली की दिसतो. पहिल्यात सांगण्यासारखं काहीतरी असतं.

साडेचार

शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या शाळांतले आम्ही तिघं-चौघं रस्त्यावरच्या टपरीवर भेटतो. जनशिक्षा केंद्रावर महिन्याला ‘शैक्षिक संवाद’ होतो, तिथं बोलायला वेळ मोजका मिळतो. टपरीवर मोकळं बोलता येतं. माझे कापलेले व्हिडिओ मी मेमरी कार्डावरून त्यांना देते. एक सर भूमितीच्या कागदी खेळांचे नमुने देतात. सौसरकडच्या एक मॅडम आजीआजोबांच्या मुलाखती मुलांकडून कशा घ्यायच्या ते सांगतात. त्यांच्या मुलांनी जामसावळीच्या यात्रेतल्या दुकानदारांना विचारून नफा-तोट्याची खरी उदाहरणं जमवली आहेत. आम्ही एक साधी गोष्ट पाळतो: कोणी काही दिलं की घेणाऱ्यानं ते वर्गात वापरून त्यात एक बदल करून परत द्यायचं. त्यामुळं माझाच व्हिडिओ महिन्याभरानं माझ्याकडं जास्त चांगला होऊन येतो.

आज बोलणं भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल फळ्यांवर गेलं. मोठ्या सांदीपनि विद्यालयांत, म्हणजे पूर्वीच्या सीएम राइज शाळांत, ते आहेत. आपल्याला कधी मिळतील? मिळाले तर मी आनंदानं घेईन. पण मोठ्या पडद्यासमोर चाळीस मुलं गप्प बसून पाहतात आणि शिकवणारा समोर उभा असतो. खडूच्या फळ्याचंही तेच होतं. मांडणी बदलली नाही तर पडदा बदलून काय होणार, एवढंच मी म्हटलं. एका सरांनी विचारलं, मग तुझं म्हणणं काय, नको म्हणायचं? मुळीच नाही. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर शिक्षकानं नाही, मुलांच्या गटानं आपला तक्ता घेऊन उभं राहायचं, एवढं ठरवून घ्यावं.

साडेसात

माझ्या मुलांच्या घरी फोन असतो तो बापाचा. तो दिवसभर बगीचात, नाहीतर बोरगावच्या कारखान्यात ड्यूटीवर. घरी फोन पोचतो तो अंधार पडल्यावर. कोविडच्या वर्षात, 2020 साली, अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवायची सरकारी मोहीम चालली तेव्हा हे आम्हाला फार खोलवर कळलं. आम्ही सकाळी पाठवायचो, मूल रात्री पाहायचं, आणि कित्येक घरी तर फोनच नव्हता किंवा रिचार्ज संपलेला. पाठवलेलं पोचलं असं धरून चालणं किती मोठी चूक आहे, हे त्या काळानं सगळ्याच यंत्रणेला शिकवायला हवं होतं.

म्हणून आता मी घरचा अभ्यास फोनवर पाठवतच नाही. उलट मुलंच मला पाठवतात. गटातल्या ज्याच्या घरी फोन आहे, त्याच्या घरी बाकीचे जमतात आणि रात्री साडेसात ते साडेआठच्या दरम्यान एक आवाजी निरोप येतो, एका मिनिटाचा, गटाला आज काय नवीन कळलं आणि काय कळलं नाही. घरचे मागून बोलत असतात, कुकरची शिट्टी असते, कधी बापही मध्येच आपलं म्हणणं सांगतो. मला ते हवंच असतं. गुण मी या निरोपांना देत नाही. पण कोण विचारायला लागलं, कोण अजून दुसऱ्याचंच वाक्य म्हणतंय, हे परीक्षेच्या पेपरपेक्षा यातून लवकर कळतं, आणि त्यावरून मी उद्याच्या गटांतली कामं लावते.

आजच्या निरोपांत तीन गटांनी घमेल्याचाच किस्सा सांगितला, तोही मोठ्या अभिमानानं. चौथा निरोप थोडा उशिरा आला. आवाज त्या पवारी बोलणाऱ्या मुलाचा होता. “मॅडम, आपन त्याईचे फयं मोजले, घमेलं मोजलं. पन त्याईची झाडं किती वर्साची आहेत थे इचारलंच नाई. आपली बारा वर्साची आहेत. त्याईची म्हातारी असली तं?”

मी तो निरोप जसाच्या तसा वरूडच्या मॅडमना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: “आमच्या मुलांनाही माहीत नाही. उद्या मालकाला विचारायला पाठवते. आणि तुमच्या त्या मुलाला सांगा, पुढच्या कॉलला पहिला प्रश्न त्यानंच विचारायचा.”